पंचवीस डॉलरांचे देणे

दिल्लीच्या सरकारी वसाहतीत एखाद्या महाराष्ट्रीय कुटुंबाची बदली झाली अथवा कर्ता पुरुष सेवानिवृत्त झाला, की जाण्यापूर्वी सामानाची वाटणी होते. पाटा-वरवंटा एकाकडे, कूलर दुसऱ्याकडे, तुळशीचे वृंदावन तिसऱ्याकडे. आमचे शेजारी अप्पा गेल्या वर्षी निवृत्त होऊन वाईस परतले, तेव्हा आमच्या वाट्यास एक जुना संगणक, फ्लॉप्यांची एक पेटी आणि जमाखर्चाची एक वही आली. संगणक '४८६' जातीचा. अप्पांनी तो १९९६ साली जुना म्हणूनच विकत घेतलेला. वहीत त्या वर्षीच्या देण्यांच्या पानावर दूधवाला, वाणी आणि भिशी यांच्याखाली अप्पांच्या वळणदार अक्षरांत एक नोंद होती : "ट्रंपेट – २५ डॉलर – देणे." इतर सर्व नोंदींवर काट मारलेली होती. हिच्यावर नव्हती.

या नोंदीचा उलगडा करावयाचा तर तीस वर्षे मागे जावे लागते. त्या काळी घरोघरी जे संगणक होते, त्यांवर १९९२ साली निघालेली 'विंडोज ३.१' ही प्रणाली असे. तिच्यात चित्रे होती, खिडक्या होत्या, पत्त्यांचा खेळही होता. नव्हती ती इंटरनेटशी बोलण्याची भाषा. ही भाषा म्हणजे 'टीसीपी/आयपी'. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी तिची रूपरेषा १९७४ साली मांडली, आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने ती अधिकृतपणे स्वीकारली. विद्यापीठांतील मोठी यंत्रे ती सहज बोलत. घरातल्या यंत्राला मात्र ती शिकवावी लागे, आणि शिकविणाऱ्या कंपन्या अनेक होत्या. प्रत्येकीची बोली निराळी. एकीच्या बोलीसाठी लिहिलेला टपालाचा कार्यक्रम दुसरीच्या बोलीवर चालत नसे. अखेर या कंपन्यांतील जाणत्यांनी एकत्र बसून 'विन्सॉक' नावाचा एक सामाईक करार ठरविला व १९९३ च्या आरंभी त्याची १.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. खाली भाषा कोणाचीही असो, वरच्या कार्यक्रमाने तिला याच रीतीने हाक मारावी आणि तिने याच रीतीने ओ द्यावी, एवढाच त्याचा मथितार्थ.

करार झाला, परंतु सामान्य गृहस्थाला परवडेल असा दुभाषी कोठे होता? तो आला टास्मानियाहून. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेल्या या बेटावर, होबार्ट येथील विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात पीटर टॅटम नावाचे एक गृहस्थ कार्यक्रमलेखनाचे काम करीत. त्यांनी लिहिलेला 'ट्रंपेट विन्सॉक' १९९४ साली सर्वत्र पसरला. तुतारी म्हटली की मराठी माणसास केशवसुत आठवावयाचे. पण ही तुतारी फुंकली गेली ती इतक्या अबोलपणे, की जिने लक्षावधी घरे जगाशी जोडली तिच्या कर्त्याचे नाव त्या घरांतील फारच थोड्यांच्या कानी पडले. कार्यक्रम 'शेअरवेअर' पद्धतीचा होता, म्हणजे आधी वापरून पाहावा, पसंत पडल्यास कर्त्यास सुमारे पंचवीस डॉलर पाठवावे. पसंत तर सर्वांसच पडला. पैसे पाठविणारे थोडे निघाले.

आपल्याकडे हे सारे थोडे उशिराने पोचले. शिक्षणसंस्थांसाठी 'अर्नेट' हे जाळे १९८६ पासून उभे राहत होते, पण सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमाने इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. दिल्लीकरांना त्यासाठी बंगला साहिब मार्गावरील निगमाच्या कचेरीचा उंबरठा झिजवावा लागे. केवळ अक्षरे दाखविणारे साधे 'शेल' खाते वर्षाला पाच हजार रुपयांना होते. चित्रांसह सर्व काही दाखविणारे टीसीपी/आयपी खाते पंधरा हजारांना, आणि तेही अडीचशे तासांपुरते. कारकुनाच्या घरात पंधरा हजार हा आकडा उच्चारणेही त्या काळी धाडसाचे होते. अप्पांनी दोघा मित्रांसह वर्गणी काढून ते खाते घेतले, वेळ वाटून घेतली आणि प्रत्येक मिनिटाची नोंद त्याच वहीत ठेवली. रविवारी सकाळी अप्पा, बुधवारी रात्री दुसरे, असा क्रम आहे. एका ठिकाणी "चि. बंडूने ४ मिनिटे जास्त घेतली" असेही लिहिलेले आहे.

ही तुतारी यंत्रात बसविणे म्हणजे काय होते, हे समजून घेण्यासाठी आम्ही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते सारे पुन्हा करून पाहिले. डायल करावयास तो क्रमांक आता उरलेला नाही. म्हणून एका नव्या संगणकास जुन्याच्या मागील सीरियल खाचेत तारेने जोडले व निगमाच्या कचेरीचे काम त्याच्याकडे दिले. फ्लॉपीवरील फायली 'ट्रंपेट' नावाच्या कप्प्यात उतरविल्या, यंत्र सुरू होताना वाचावयाच्या 'ऑटोएक्झेक' फायलीत त्या कप्प्याचा पत्ता लिहिला, आणि 'टीसीपीमॅन' हा कार्यक्रम उघडला. समोर आला तो एक अर्ज! आमच्यासारख्या माणसास याहून ओळखीचे दृश्य कोणते? स्वतःचा पत्ता, नावे सांगणाऱ्या यंत्राचा पत्ता, वेग, खाचेचा क्रमांक, अशी रकान्यांमागून रकाने. त्यांतले दोन रकाने विशेष खोडकर. एकात तारेवरून एका वेळी जाणाऱ्या पाकिटाचे कमाल माप द्यावयाचे, दुसऱ्यात त्या पाकिटातील मजकुराचे. पाकिटावरील पत्ता-शिक्क्यांना चाळीस बाइट लागतात, म्हणून दुसरा आकडा पहिल्याहून चाळीसने कमी असावयास हवा. २९६ तर २५६. आम्ही दोन्हींत एकच आकडा भरला. अर्ज नामंजूर झाला नाही, मात्र सारे अडखळत येऊ लागले. चूक सापडावयास एक रात्र गेली.

दुसरी अडचण यंत्राच्या पोटातली निघाली. जुन्या संगणकांत सीरियल तारेवरील अक्षरे उतरवून घेणारी जी चकती असे, तिच्याजवळ एका वेळी एकच अक्षर ठेवण्याइतकी जागा होती. टपाल घेणाऱ्या शिपायाच्या हातात एकच पत्र मावावे आणि पोस्टमन तर पत्रे फेकीत सुटावा, तसा हा प्रकार. '१६५५०ए' या सुधारलेल्या चकतीत सोळा अक्षरांची जागा होती. आमच्या यंत्रात जुनी चकती होती. वेग कमी केला तेव्हा गळती थांबली.

त्यानंतर त्या तुतारीवर इतर मंडळी बसवावयाची. टपालासाठी 'यूडोरा'. स्टीव्ह डॉर्नर यांनी ती १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात लिहिली आणि यूडोरा वेल्टी या अमेरिकन लेखिकेचे नाव तिला दिले, कारण या बाईंची टपालकचेरीत राहावयास जाणाऱ्या स्त्रीची एक कथा प्रसिद्ध होती. संगणकाच्या कार्यक्रमास कथालेखिकेचे नाव देणारा माणूस आम्हांस तरी त्याच्या अन्य गुणांइतकाच या एका गोष्टीसाठी आवडतो. पाने पाहण्यासाठी त्याच विद्यापीठातील 'मोझेक' (१९९३) किंवा १९९४ च्या अखेरीस आलेले 'नेटस्केप'. लोकांच्या स्मरणात राहिली ती ही नावे. नेटस्केप कंपनीचे समभाग ऑगस्ट १९९५ मध्ये बाजारात आले आणि तिच्या तरुण संस्थापकांची छायाचित्रे जगभर छापली गेली. त्यांच्या खिडक्यांपर्यंत प्रत्येक अक्षर ज्याच्या हातून येत होते, तो होबार्टचा दुभाषी त्या छायाचित्रांत नव्हता. फाइलीवर टिप्पणी एकाची आणि सही दुसऱ्याची, हे आम्ही रोज पाहतो. त्यामुळे आम्हांस आश्चर्य वाटले नाही, वाईट मात्र वाटले.

टॅटम यांनी दाद मागितली नाही असे नाही. 'ओझईमेल' या ऑस्ट्रेलियन इंटरनेट कंपनीने १९९५ साली त्यांची परवानगी मागितली. ती नाकारली गेली असताही संगणकविषयक मासिकांबरोबर फुकट वाटावयाच्या फ्लॉप्यांवर तिने ट्रंपेट घातले. प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयात गेले आणि १९९६ साली न्यायमूर्ती हीरी यांनी कंपनीने लेखनाधिकाराचा भंग केला असा निर्णय दिला. परंतु तोवर २४ ऑगस्ट १९९५ उजाडून गेला होता. त्या दिवशी आलेल्या 'विंडोज ९५' मध्ये टीसीपी/आयपी मुळातच होते. दुभाष्याची गरज संपत चालली होती. पुढे २०११ मध्ये काही जुन्या वापरकर्त्यांना हे देणे आठवले आणि त्यांनी आपखुशीने टॅटम यांना पैसे पाठविले. पंधरा-सोळा वर्षांनी!

अप्पांसारख्यांचे काय, असा प्रश्न वाचक विचारतील. त्या वेळी डॉलरचा भाव पस्तीस रुपयांच्या आसपास होता. म्हणजे नऊशेहून कमी रुपयांचा मामला. पण परकीय चलनाचा १९७३ चा कडक कायदा तेव्हा जारी होता (तो जून २००० मध्ये गेला), आणि पंचवीस डॉलर परदेशी पाठविण्याकरिता अर्ज, कारण, बँकेची संमती हे सारे सोपस्कार करावे लागत. कोणत्या कारणासाठी, या रकान्यात "तुतारी" असे लिहिणार काय? सबब खरी आहे. तथापि ती पूर्ण सबब नव्हे, हेही खरे. आमच्या माहितीतल्या कितीतरी घरांत ही फ्लॉपी हातोहात फिरली, आणि नोंद मात्र एकाच वहीत सापडली.

असो. भाऊबीजेच्या रात्री अर्ज एकदाचा बिनचूक भरला गेला. आजची बहुतेक पाने गुप्तलिपीच्या पाकिटातून येतात आणि ती फोडणे जुन्या नेटस्केपला जमत नाही. एकामागून एक पाने नाकारली गेली. शेवटी जिनिव्हाजवळील 'सर्न' या संस्थेने जपून ठेवलेले जगातील पहिले पान मागविले, आणि ते ओळीमागून ओळ, सावकाश, पडद्यावर उतरले. आमच्या सौभाग्यवतींनी ते पाहून, "एवढ्यासाठी तीन रात्री?" असे विचारले.

आम्ही लगेच वाईस दूरध्वनी केला. "मोडेमची शिट्टी वाजली का रे?" हा अप्पांचा पहिला प्रश्न. मोडेम नाही, तारेने जोडले आहे, असे सांगताच ते थोडे हिरमुसले. आम्ही मग टास्मानियाची हकीकत, न्यायालय, २०११ चे ते पैसे, हे सारे त्यांना ऐकविले. बराच वेळ पलीकडून नुसता घाटावरचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "वही तुझ्याचकडे आहे ना? आजचा भाव बघून सांग मला किती होतात ते. आणि मी पाठवीपर्यंत काट मारू नकोस."