नाथांची चाळिशी आणि अवधूताचे चोवीस गुरू

पैठणहून निघालेली गोदावरी जनाबाईंच्या गंगाखेडवरून खाली येते आणि नांदेडच्या अलीकडे विष्णुपुरीला धरणात थांबते. आपल्याकडची म्हातारी माणसे तिला गोदावरी म्हणत नाहीत, गंगाच म्हणतात. विष्णुपुरीत काळेश्वराचे जुने देऊळ आहे आणि मोठे सरकारी रुग्णालयही आहे. रुग्णालयात आई-बापाला घेऊन आलेला पंचेचाळीस-पन्नाशीचा माणूस पाहावा. सोयाबीनचा भाव, सोसायटीचे कर्ज, पोरीचे लग्न, आणि हातात औषधाची चिठ्ठी. झोप नाही. ‘टेन्शन’ हा शब्द आता खेड्यातही मराठीच झाला आहे.

या वयाच्या माणसासाठी आपल्या संप्रदायात एक ग्रंथ आहे, आणि तो याच वयाच्या माणसाने लिहिला आहे. नाथमहाराजांचा जन्म १५३३ चा धरला, तर शके १४९५ च्या, म्हणजे १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला एकनाथी भागवत पुरे झाले तेव्हा त्यांचे वय चाळीस होते. घरात गिरिजाबाई, लेकरे, दारी रोजचे अन्नदान. परंपरा सांगते की पहिले पाच अध्याय पैठणात झाले. भागवत प्राकृतात आणले म्हणून काशीच्या पंडितांनी जाब विचारायला बोलावले आणि उरलेले अध्याय तिथेच, गंगेच्या काठी लिहून झाले.

अवधूताचे चोवीस गुरू येतात ते सातव्या, आठव्या आणि नवव्या अध्यायात. म्हणजे ही प्रकरणे जाब द्यायला गेलेल्या माणसाच्या हातची आहेत, हे पारायणात आपल्या ध्यानात येत नाही.

यदुराजाचा प्रश्नच पाहा. सगळे लोक काम-लोभाच्या वणव्यात होरपळत आहेत, आणि तुला झळ कशी लागत नाही? जणू रान पेटले असता गंगेच्या पाण्यात उभा राहिलेला हत्ती! राजाने विचारले म्हणून नवल. राज्य असूनही त्याला पोळत होतेच.

अवधूत त्याला मंत्र देत नाही. मी काय काय पाहिले ते सांगतो. पृथ्वी, वारा, पाणी, चंद्र, अजगर, मधमाशी. समुद्र पावसाळ्यात नद्या आल्या म्हणून फुगत नाही, उन्हाळ्यात आल्या नाहीत म्हणून आटत नाही. विष्णुपुरीचे पाणी मात्र फुगतेही आणि आटतेही, आपल्या मनासारखे. कुरर पक्ष्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर दुसरे पक्षी त्याला टोचत राहिले. तुकडा टाकला आणि तो सुटला. बाण घडवणारा कारागीर तर इतका गुंतलेला की समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला कळले नाही. आजकाल शहरात एकाग्रतेचे वर्ग निघाले आहेत. असोत बापडे. पण हा बाण करणारा त्यांच्या कितीतरी आधीचा.

मला सगळ्यांत अवघड वाटते ती कबुतराची गोष्ट. पारध्याच्या जाळ्यात पिल्ले आणि मादी सापडलेली पाहून नरही आपण होऊन जाळ्यात पडतो. ही कथा संसारी माणसाला झोंबते. मग घर सोडून रानात जावे काय? सांगणारा अवधूत संन्यस्त होता खरा, पण मराठीत उलगडून सांगणारे नाथ काशीहून पुन्हा पैठणला आले, गृहस्थ म्हणूनच राहिले. पुढे मुलगा हरिपंडित रुसून काशीला गेला, तेही त्यांनी सोसले. गोदेवरून स्नान करून येताना अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्या यवनाची गोष्ट कीर्तनात नेहमी येते. तिथे ते रागावले नाहीत, परत नदीत उतरले. पृथ्वीला गुरू करणे म्हणतात ते हेच असावे.

१५९९ साली, फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथांनी गोदेतच देह ठेवला. षष्ठीच्या दिंड्या पैठणकडे निघतात तेव्हा उन्हे तापू लागलेली असतात आणि विष्णुपुरीचे पाणी काठापासून आत सरकत असते. आपल्याकडून जाणाऱ्याला नदीच्या उलट दिशेनेच चालावे लागते.