निखाऱ्यातला रोडगा

ज्वारी-कापसाच्या यवतमाळ जिल्ह्यात चुलीवर भाकरीच चालायची. कणकेचे पदार्थ सणावाराचे. मध्ययुगीन युरोपात ‘पाय’ (pie) या भट्टीत भाजलेल्या पदार्थाचं जाड कवच हेच सारणाचं भांडं असे. इथे तशीच सारण झाकणाऱ्या पारीची, म्हणजे कणकेच्या आवरणाची, कला भट्टीवाचून रुजली.

रोडगा बघा. जाडसर दळलेली कणीक घट्ट मळायची, लहान पाऱ्यांना तेल लावून एकावर एक ठेवायच्या आणि मोठ्या पारीत गुंडाळून तोंड बंद करायचं. मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत, राखेखाली, सावकाश भाजायचा. बाहेरून टणक, काळपट. फोडला की आत पदर सुटलेले! त्यावर तुपाची धार, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. नवस फेडायला शेतात, देवळापुढे अशा पंगती बसतात.

तिखट सारण हवं तर सांबारवडी. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हिवाळ्यात ती स्वस्त झाली की खोबरं, खसखस, तिखट घालून परततात, पारीत भरून तळतात. गोडाला पुरणपोळी. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात पुरण भरलेल्या पोळीचा उल्लेख येतो.

ओव्हन आता अनेक घरांत आले, रोडगेही त्यात भाजतात. पण गोवरीच्या धुराचा वास त्यांना येत नाही.