तोडणी आणि भाजणीच्या मधले दिवस

मिझोराममध्ये फेब्रुवारी संपत आला की डोंगरउतारांवर दोन रंग दिसू लागतात. एक कांचनाच्या फुलांचा, पांढरा-गुलाबी. मिझो लोक या झाडाला वाऊ म्हणतात आणि मार्च महिन्याला त्यांनी त्याचंच नाव दिलंय : वाऊ थ्ला, म्हणजे वाऊचा महिना. दुसरा रंग तपकिरी. हिरव्या डोंगरावर कुणी जुनी घोंगडी वाळत टाकावीत तसे मोठमोठे पट्टे. ते असतात तोडून आडव्या पाडलेल्या बांबूंचे. हे दोन रंग एकत्र दिसतात त्या दिवसांत चापचार कूट येतो. मिझो लोकांचा हा वसंतातला सण.

कूट म्हणजे सण. चापचार म्हणजे तोडलेलं रान वाळत पडल्याचा काळ. नावातच सगळं आलं. आपल्याकडच्या सणांना तिथी असते, यांच्या सणाला पूर्वी तिथी नव्हती. रान तोडून झालं, पण अजून पेटवण्याइतकं वाळलेलं नाही, अशी जी मोकळीक मिळते तिचा हा सण. कोकणातल्या वाचकांना हे लवकर कळेल. राब भाजण्याआधी कवळं, गवत, शेण पसरून वाळू देतात, तीच गोष्ट. फरक एवढाच की कोकणात राब खाचराच्या कोपऱ्यात असतो आणि इथे अख्खा उतार.

झूमची शेती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचा इतिहास त्याशिवाय समजणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत गाव आपल्या वाट्याचा उतार तोडतं. हे वर्षातलं सगळ्यात कष्टाचं आणि धोक्याचं काम. तिरक्या उतारावर बांबू तोडताना तो कुठे उसळेल याचा भरवसा नसतो आणि तुटलेल्या बांबूचं टोक भाल्यासारखं असतं. पूर्वी यात माणसं जायची. म्हणून सगळे धडधाकट परत आले याचाही आनंद कूटमध्ये असतो. मग काही आठवडे वाळण. मार्चच्या मध्यापर्यंत भाजणी, सगळ्या बाजूंनी जाळपट्टे काढून. राख हेच खत आणि आगीची धग हीच खुरपणी. त्यानंतर पावसाआधी टोकण.

या सगळ्याला हवामानाने घातलेली मुदत फार कडक आहे. हिवाळा कोरडा असतो, पण मार्चच्या उत्तरार्धात वायव्येकडून वादळं यायला लागतात. बंगालमध्ये त्यांना कालबैशाखी म्हणतात, आसाममध्ये बोरदोइसिला, आपण वळीव म्हणू. भाजणीआधी असा एक जोरदार पाऊस झाला की वाळलेलं रान भिजतं, अर्धवट जळतं, ओंडके तसेच राहतात, राख कमी पडते, तण जास्त उगवतं. भात त्या वर्षी हाती लागत नाही. उलट, घाई करून ओलसर रान पेटवलं तरी तेच. म्हणजे तोडणी संपल्यावर माणसाच्या हातात काहीच उरत नाही. आभाळाकडे बघायचं आणि वाट बघायची. अशा वाट बघण्यातून सण काढणाऱ्या लोकांचं मला कौतुक वाटतं. फौजेत वाट बघण्यातून आपण फक्त रमी काढली.

सणाच्या जन्माची गोष्ट सांगतात ती अशी. एका गावातले शिकारी रिकाम्या हाताने परत आले. सगळे उदास. तेव्हा गावप्रमुखाने म्हटलं, शिकार नाही तर नाही, झू पिऊ आणि आनंद करू. झू म्हणजे तांदळाची दारू. त्याने डुक्कर दिलं, लोकांनी झू आणली, रात्रभर गाणी झाली. पुढच्या वर्षी पुन्हा. हे सुआइपुई गावात झालं म्हणतात आणि काळ पंधरावं ते सतरावं शतक असा सैलसर सांगतात. तारखेच्या नादी न लागता मी गोष्टीतलं वळण लक्षात ठेवतो. सण विजयाचा नाही, रिकाम्या हातांचा आहे.

जुन्या पद्धतीत तो कित्येक दिवस चालायचा. एक दिवस लुशेई कुळांनी डुकरं मारायची, पुढच्या दिवशी राल्ते कुळांनी. मग एक संध्याकाळ गावाबाहेरच्या स्मारकशिलेपाशी जमून उकडलेली अंडी आणि मांस एकमेकांच्या तोंडात कोंबायचं, हसत, पळत. आणि रात्री चाय. हा आपला चहा नव्हे, नाच आहे. गोल रिंगण, पुरुषांचे हात बायकांच्या खांद्यावर, बायकांचे पुरुषांच्या कमरेला, मध्ये ढोल आणि मिथुनाचं शिंग वाजवणारे. या दिवसांत भांडण करायचं नाही असा दंडक. बाहेरचे लोक बांबूचा नाच, चेराव, हाच कूटचा मूळ नाच समजतात. तो एके काळी बाळंतपणात मेलेल्या बाईसाठी करत. आज तो सणात आला आहे. २०१० च्या मार्चमध्ये ऐझॉलला १०,७३६ जणांनी एकाच वेळी चेराव करून गिनीज बुकात नाव घातलं.

१८९४ च्या जानेवारीत लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी या टेकड्यांत पोचले. त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली, शाळा काढल्या, आणि पुढच्या पिढीदीडपिढीत जवळजवळ सगळा समाज ख्रिस्ती झाला. झू गेली, तिच्याबरोबर कूटही मागे पडला. झूम मात्र चालूच राहिली, कारण पोट धर्मांतर करत नाही. १९५४ मध्ये गावप्रमुखांचे हक्क कायद्याने संपले, तरी कुठला उतार तोडायचा आणि कधी पेटवायचा हे गाव एकत्र ठरवत राहिलं.

मग १९५९ उजाडलं. साधारण ४८ वर्षांनी मौतक बांबूला फुलोरा येतो, फळांवर उंदरांच्या झुंडी पोसतात आणि बांबूचं बी संपलं की त्या झुंडी भातावर उतरतात. याला मौताम म्हणतात. १९११ ला आला होता, १९५९ ला आला, २००७ ला पुन्हा. १९५९ च्या दुष्काळात आसाम सरकारने वेळेवर हात दिला नाही ही भावना पसरली, मदतीसाठी निघालेल्या संघटनेतून १९६१ मध्ये लालडेंगांचा मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला. आणि २८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री उठाव झाला. लुंगलेई, चंफाईची ठाणी, ऐझॉलमधलं आसाम रायफल्सचं मुख्यालय, सगळीकडे एकदम.

तारीख निवडण्यामागे राजकारण असेलच. पण नकाशा आणि ऋतू एकत्र वाचायची सवय असलेल्या सैनिकाला आणखी एक गोष्ट दिसते. हा सगळ्यात कोरडा काळ. पायवाटा घट्ट, ओढे आटलेले, रात्री चालता येतं. हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने फार महागात पडली. सिलचरकडून येणारी कुमक रस्त्यात अडली, हेलिकॉप्टरने माणसं उतरवायचा प्रयत्न गोळीबारामुळे फसला, आणि ५ मार्चला हवाई दलाच्या लढाऊ विमानांनी ऐझॉलवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. स्वतःच्या देशातल्या गावावर भारताने असं दुसऱ्यांदा केलेलं नाही. लाकूड आणि बांबूची घरं, तीही मार्चमधली. शहराचे मोठे भाग जळून गेले. बाकीच्या उतारांवर त्या आठवड्यात तोडलेलं रान वाळत पडलं होतं आणि ते राखणारे लोक जंगलात पळाले होते.

आपल्यापैकी ज्यांनी वैरंगटेचा कोर्स केलाय त्यांना तिथलं ब्रीदवाक्य पाठ असेल : गनिमाशी गनिमासारखंच लढा. गनिमी काव्याच्या मुलखातून आलेल्या माणसाला ते ऐकून बरं वाटतं. पण १९६७ ची जी योजना होती ती गनिमासारखी नव्हती. ती मलायातून घेतलेली होती. तिथे ब्रिटिशांनी १९५० पासून ब्रिग्ज योजनेखाली जंगलाच्या कडेला राहणारे लोक उचलून कुंपणातल्या नव्या गावांत बसवले, बंडखोरांचं धान्य तोडायला. मिझो टेकड्यांत जानेवारी १९६७ पासून तेच सुरू झालं. आधी सिलचर-ऐझॉल-लुंगलेई रस्त्यालगतची गावं, मग टप्प्याटप्प्याने आतली. शेवटी पाचशेहून जास्त गावं उठवून शंभरेक केंद्रांत कोंबली गेली, ग्रामीण लोकसंख्येपैकी बहुतेक सगळी. मागे राहिलेली घरं आणि कोठारं जाळायची, गनिमाला आसरा मिळू नये म्हणून.

जानेवारी. म्हणजे नेमका रान तोडण्याचा महिना.

याबद्दल लष्करी पुस्तकांत मी जे वाचलं त्यात रसद, रस्ता, गुप्तवार्ता हे शब्द होते, ऋतू नव्हता. मलायात उठवलेले लोक बरेचसे मजूर आणि परसबागवाले होते, त्यांना भिंतीआड बसवून मळ्यावर कामाला पाठवता येत होतं. झूमवाल्याला तसं करता येत नाही. त्याचा उतार दर वर्षी बदलतो, गावापासून लांब असतो. पीक उभं असताना कुटुंबं शेतातल्या थ्लाममध्ये राहतात. थ्लाम म्हणजे आपल्या माळ्यासारखी झोपडी, जनावरं हाकायला. केंद्रात मात्र सकाळी फाटक उघडल्यावर बाहेर जायचं, ओळखपत्र दाखवायचं, अंधाराआधी हजेरीला परत यायचं. रात्री शेत रानडुकरांचं. शिवाय पाच-सात गावांची माणसं एकाच केंद्राभोवतीचे उतार तोडू लागली, त्यामुळे जमिनीला विसाव्याची वर्षं मिळेनाशी झाली. लोक शेतकऱ्याचे रेशनवाले झाले.

तिथल्या पोस्टिंगमध्ये माझी एका म्हाताऱ्यांशी ओळख झाली. आसाम रेजिमेंटचे निवृत्त हवालदार. मी त्यांना ‘का पु’ म्हणायचो, ते मला ‘साब’. बोलायचो फौजी हिंदीत. केंद्रात गेले तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. मी कूटबद्दल विचारलं तर म्हणाले, “आईने कोयत्याला धार लावून ठेवली होती साब. मग फौज आली. एका दिवसात जेवढं पाठीवर मावलं तेवढं घेतलं. कूट कसला करायचा? वाळायला टाकलेलं रान तरी हवं ना.” पुढे वयात आल्यावर ते त्याच फौजेत भरती झाले. का, ते मी विचारलं नाही. त्यांनी पेन्शनच्या कागदांची फाइल दाखवली आणि आम्ही वन रँक वन पेन्शनवर तासभर बोललो.

मिझोराममध्ये काम केलेले सनदी अधिकारी विजेंद्रसिंग जफा यांनी दार्जो गावाची हकिगत लिहून ठेवली आहे. गाव जाळायची जबाबदारी आलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने त्यांना ती सांगितली. लोक आपल्या हाताने घरं पेटवायला तयार होईनात, शेवटी जवानांनी पेटवली, धान्यही. आणि मग गावच्या पंचांकडून सही घेतली गेली की आम्ही स्वतःहून हलवण्याची विनंती केली. हुकूम पाळणाऱ्या त्या अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणं सोपं नाही. त्या काळच्या कमांडरांची अडचण मी समजू शकतो. रात्री गनीम गावात जेवतो आणि सकाळी रस्त्यावर तुमची गाडी उडवतो, तेव्हा जेवण तोडावंसं वाटणारच. रस्ते त्यामुळे थोडे सुरक्षित झालेही. पण उठाव संपला तो कुंपणाने नाही, ३० जून १९८६ च्या कराराने. मधली एकोणीस वर्षं जमेला धरली तर हिशेब मला पटत नाही.

१९७२ मध्ये मिझोराम केंद्रशासित झाला आणि १९७३ पासून चापचार कूट पुन्हा मोठ्या प्रमाणावर होऊ लागला. झूशिवाय, जुन्या बळींशिवाय. चर्चमधल्या काहींना तेवढंही नको होतं. मला त्यातलं वर्ष महत्त्वाचं वाटतं : लढाई चालूच होती, कित्येक कुटुंबं केंद्रांतच होती, आणि लोकांनी नेमका तोच सण उकरून काढला जो गावाने एकत्र रान तोडल्याशिवाय होत नसे.

आज कूट साधारण मार्चच्या पहिल्या शुक्रवारी असतो, सरकारी सुट्टीसकट. त्यामुळे तो आणि ५ मार्चची आठवण एकाच आठवड्यात येतात. बायका पुआनचेई नेसतात, डोक्याला वाकिरिया बांधतात, रिंगण धरलं जातं. ऐझॉलमधला मुख्य कार्यक्रम होतो लाम्मुआलवर, म्हणजे आसाम रायफल्सच्या जुन्या मैदानावर, शहराच्या मधोमध. १९६६ मध्ये याच आसाम रायफल्सच्या ऐझॉलमधल्या ठाण्याला वेढा पडला होता. झूमवाली कुटुंबं कमी होत चालली आहेत, त्यामुळे रिंगणातल्या बऱ्याच मुलांनी रान वाळताना पाहिलेलंही नसतं. पण शहराबाहेर पडलात तर पट्टे दिसतात, आणि मार्चच्या मध्याला धूर इतका भरतो की दरीपलीकडचं ठाणं दिसत नाही.

१९६६ ते १९८६ मध्ये कितीतरी पलटणी या टेकड्यांतून गेल्या. त्यांत मराठी जवान होतेच. मिझो बाजूने बरंच लिहिलं गेलंय, आपल्या जवानांनी मराठीत लिहिलेलं मला एक पानही सापडलेलं नाही. कुणाच्या घरी त्या काळची पत्रं असतील, कुणी केंद्राच्या फाटकावर ड्युटी केली असेल, तर लिहून ठेवा. तारीख आठवत नसेल तर रान तोडलेलं होतं की जळलेलं, एवढं आठवलं तरी महिना काढता येईल.