कागदाची उणीव, मुदतीची चूक आणि लवाद

१८९९ साली गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळाने केलेल्या कायद्यांत दुसरा कायदा मुद्रांकाचा होता आणि नववा लवादाचा. एकाने दस्तावर सरकारचे देणे किती हे ठरवले. दुसऱ्याने मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरांतल्या व्यापाऱ्यांना दावा न लावता, आपसांत नेमलेल्या माणसाकडून भांडण तोडून घेण्याची वाट दिली. स्टँप कमी लागतो, लवादाचे काम लांबते, ठरलेली तारीख उलटून जाते, हे दोन्ही कायदे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून चूक भरून काढण्याची सोय त्यांनी कायद्यातच करून ठेवली. पुढच्या सव्वाशे वर्षांत ही सोय कधी पाळली गेली, कधी बाजूला पडली. बिनास्टँपचा करार म्हणजे करारच नव्हे आणि मुदत उलटली की लवादाचा अधिकार कायमचा गेला, असे जेव्हा जेव्हा मानले गेले, तेव्हा त्याचा लाभ तिजोरीलाही झाला नाही आणि न्यायालाही नाही. तो झाला देणे टाळू पाहणाऱ्या पक्षाला. हे मत कागदपत्रांच्या आधारे तपासून पाहता येते.

मराठी मुलखाला लवाद नवा नव्हता. पेशवाईत दिवाणी तंट्यांचा मोठा भाग पंचायतीपुढे जाई. पंचांचा निवाडा मान्य करू असा राजीनामा वादी-प्रतिवादींकडून आधीच लिहून घेतला जाई. सरकारचा वाटा निवाड्यानंतर येई : जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात या पद्धतीची बाजू सहानुभूतीने मांडली, पण तिची दुखणी झाकली नाहीत. पंच वेळेवर जमत नाहीत, त्यांना जमवण्याचा अधिकार कोणाकडे नाही आणि त्यामुळे काम रेंगाळते, ही तक्रार त्यात आहे. मुंबई इलाख्याची १८२७ ची संहिता झाली तेव्हा लवादासाठी सातवा रेग्युलेशन स्वतंत्र करावा लागला. म्हणजे विलंबाची तक्रार इंग्रजी कोर्टांपेक्षा जुनी आहे. नवे होते ते एवढेच, की सरकारचे देणे आता निवाड्याच्या शेवटी न येता कागदाच्या सुरुवातीलाच येऊ लागले.

बंगालमध्ये मुद्रांकाची सुरुवात १७९७ च्या रेग्युलेशनने झाली. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी पहिला कायदा १८६० चा. त्यानंतर १८६२, १८६९, १८७९ असे कायदे बदलत १८९९ चा आला आणि तोच आजही केंद्रीय कायदा आहे. महाराष्ट्रापुरता १८९९ च्या कायद्याच्या जागी बहुतेक दस्तांसाठी १९५८ चा मुंबई मुद्रांक अधिनियम आला, तोच आता महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम म्हणून ओळखला जातो. दोन्हींची चौकट एकच आहे. अपुऱ्या स्टँपचा दस्त समोर आला की अधिकाऱ्याने तो अडकवून ठेवायचा, पुराव्यात घ्यायचा नाही आणि त्यावरून कारवाई करायची नाही. मात्र उरलेले शुल्क आणि दंड भरला की तोच दस्त पुराव्यात चालतो. एकदा पुराव्यात दाखल झालेल्या दस्तावर स्टँपच्या कारणाने त्याच दाव्यात पुन्हा हरकत घेता येत नाही. केंद्रीय कायद्याच्या कलम ३५ मध्ये एक अपवाद आहे आणि मला तो फार बोलका वाटतो. हुंडी आणि वचनचिठ्ठी यांना ही दंड भरण्याची सोय नाही. स्टँप नसलेली वचनचिठ्ठी कितीही दंड भरला तरी पुराव्यात येत नाही. ज्या कागदाचा जीव स्टँपवर अवलंबून ठेवायचा होता, तो कोणता हे कायद्याने स्पष्ट लिहिले आहे. बाकीच्या दस्तांबाबत तसे लिहिलेले नाही. शिवाय अपुरा दस्त अडकवण्याचा अधिकार फक्त न्यायाधीशाला नाही. पक्षकारांच्या संमतीने पुरावा घेण्याचा अधिकार मिळालेली व्यक्तीही कलम ३३ आणि ३५ मध्ये आहे, आणि अशी व्यक्ती म्हणजे लवाद. स्टँपचा प्रश्न लवादापुढे येईल आणि त्याने तो सोडवावा, ही कल्पना १८९९ पासून कायद्यात लिहिलेली आहे.

मुदतीचा इतिहास इतका सरळ नाही, हे मान्य केले पाहिजे. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेपासून कोर्टाच्या हुकमाने होणाऱ्या लवादाला तारीख ठरवून दिली जाई. १८८२ च्या संहितेत तर मुदतीबाहेरचा निवाडा वैध नाही असेच होते. १८९१ साली हर नारायण सिंग विरुद्ध भगवंत कुंवर या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ते कडकपणे लावले : मुदत उलटल्यावर दिलेला निवाडा टिकत नाही आणि निवाडा दिल्यानंतर कोर्टाला मुदत वाढवता येत नाही. इथे कायदेमंडळाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १८९९ च्या लवाद कायद्याने मुदत उलटली असो वा नसो, ती वाढवण्याचा अधिकार कोर्टाला दिला. १९०८ च्या संहितेच्या दुसऱ्या परिशिष्टात मुदत संपण्यापूर्वी किंवा संपल्यानंतर ती वाढवता येईल असे शब्द आले. १९४० च्या कायद्याने चार महिन्यांची मुदत घातली आणि कलम २८ मध्ये आणखी पुढे जाऊन, निवाडा झालेला असला तरीही कोर्ट मुदत वाढवू शकेल असे सांगितले. मुदतीने निवाड्याचा जीव घेतला की कायदेमंडळ तो परत देत गेले.

१९४० च्या कायद्याचे दुखणे वेगळे होते. पक्षांचे एकमत नसले की मुदतवाढीची दारे कोर्टातच उघडत. दोन्ही पक्षांच्या संमतीवाचून लवादाने मुदत वाढवावी अशी अट करारात घातली तरी ती निरर्थक ठरे. त्यामुळे लवाद नेमला तरी पक्षकारांचे पाय कोर्टाकडेच वळत. या कायद्याखालची कामे कशी गुंतागुंतीची आणि अंतहीन झाली आहेत, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली गुरू नानक फाउंडेशनच्या खटल्यात उघड खंत व्यक्त केली. १९९६ च्या नव्या कायद्याने मुदतच काढून टाकली. मग लवाद वर्षानुवर्षे चालू लागले आणि २०१५ च्या दुरुस्तीने कलम २९-अ आणले : बारा महिने, दोन्ही पक्षांच्या संमतीने आणखी सहा, आणि त्यापुढे कोर्ट.

स्टँपकडे परत येऊ, कारण खरी उलथापालथ तिथे झाली. १९६९ साली हिंदुस्तान स्टील विरुद्ध दिलीप कन्स्ट्रक्शन या प्रकरणात लवादाचा निवाडाच पुरेशा स्टँपशिवाय होता. मुद्रांक कायदा सरकारी महसुलासाठी आहे, प्रतिपक्षाच्या हाती तांत्रिक हत्यार देण्यासाठी नाही, असे न्यायालयाने तेव्हाच सांगितले. तरीही २०११ साली एसएमएस टी इस्टेट्सच्या खटल्यात चहामळ्याच्या बिनास्टँपच्या भाडेपट्ट्यातील लवादाचे कलम आधी स्टँप भरल्याशिवाय वापरता येणार नाही असा निर्णय आला. एप्रिल २०१९ हा महाराष्ट्रातील वकिलांच्या लक्षात राहिलेला महिना असणार. ४ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने गौतम लँडस्केप्स प्रकरणात स्टँपची हरकत लवादाच्या नेमणुकीच्या आड येत नाही असे म्हटले. १० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने गरवारे वॉल रोप्सच्या प्रकरणात नेमके उलट सांगितले. ओडिशातील पेंथा गावी समुद्राची धूप रोखणाऱ्या बंधाऱ्याच्या उपकंत्राटातून तो वाद उभा राहिला होता आणि त्याला महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम लागू होता. महाराष्ट्राच्या स्टँपचा आणखी एक वाद नागपूरच्या वाणिज्यिक न्यायालयातून वर गेला. कोळसा धुण्याच्या कंत्राटात ३ कोटी ३६ लाखांची बँक हमी वटवण्यावरून एनएन ग्लोबल आणि इंडो युनिक फ्लेम यांच्यात तो झाला होता. त्यात २५ एप्रिल २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले, की स्टँप नसलेला लवाद करार स्टँप भरेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि हृषीकेश रॉय यांनी वेगळे मत नोंदवले. आठ महिनेही झाले नव्हते, तोच १३ डिसेंबर २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायमूर्तींनी एकमताने तो निर्णय फिरवला. दस्त पुराव्यात घेता न येणे आणि करार रद्दबातल असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, उणीव भरून निघू शकते आणि स्टँपची हरकत लवादानेच पाहावी, असे त्यांनी ठरवले.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप तिजोरीचा आहे. कोर्टाने पहिल्याच पायरीवर दस्त अडवला नाही, तर स्टँप कोण भरेल? मुद्रांक शुल्क राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे आणि तो बुडू नये हे मलाही मान्य आहे. पण कोर्टाने अडवले काय आणि लवादाने अडवले काय, दस्त शेवटी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडेच जातो, शुल्क आणि दंड तितकाच भरावा लागतो. फरक एवढाच, की नेमणुकीच्या टप्प्यावर दस्त अडकला तर तंटा तिथेच थांबतो. आणि ही हरकत घेतो कोण? राज्य नव्हे. ज्याने सही केली, स्टँप न लावता कामाचा लाभ घेतला आणि आता पैसे द्यायची वेळ आली, तोच बहुधा. राज्याच्या महसुलाच्या नावाने त्याला पळवाट देणे हे महसुलाचे रक्षण नाही. दुसरा आक्षेप असा, की पाच न्यायमूर्तींचा निर्णय सातांनी इतक्या लवकर फिरवल्याने कायद्यावरचा भरवसा उडतो. ही अस्वस्थता खरी आहे. त्या मधल्या महिन्यांत ज्यांचे नेमणुकीचे अर्ज स्टँपपायी अडकले, त्या पक्षकारांना गेलेला वेळ कोणी परत देणार नाही. तरी चुकीचा नियम लौकर सुधारणे हे तो वर्षानुवर्षे चालवण्यापेक्षा बरे. शिवाय सात न्यायमूर्तींनी नवा कायदा घडवला नाही. कलम ३५ ते ४२ एकत्र वाचले तर तोच अर्थ १८९९ पासून तिथे होता.

मुदतीच्या बाबतीत हाच खेळ कलम २९-अ ने पुन्हा मांडला. मुदतीत निवाडा झाला नाही तर लवादाचा अधिकार संपुष्टात येईल, असे त्यात लिहिले आहे. त्याच पोटकलमात, मुदत संपण्यापूर्वी किंवा संपल्यानंतर कोर्ट ती वाढवू शकेल, असेही आहे. हे शब्द १९०८ च्या परिशिष्टाचे वारस आहेत, तरी कोलकाता आणि पाटणा उच्च न्यायालयांनी पहिल्या शब्दांवर बोट ठेवून सांगितले, की अर्ज मुदतीच्या आतच हवा. मुंबई आणि दिल्लीने उलट मत घेतले. अखेर १२ सप्टेंबर २०२४ रोजी रोहन बिल्डर्स विरुद्ध बर्जर पेंट्स या प्रकरणात न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि आर. महादेवन यांनी मुदतीनंतरचा अर्जही चालतो असे ठरवले. कोलकात्याचा अर्थ टिकला असता तर पूर्ण पुरावा झालेला, युक्तिवाद ऐकलेला लवाद एका दिवसाच्या उशिराने वाया गेला असता आणि पुन्हा पहिल्यापासून खर्च करण्याची ताकद ज्याच्याकडे आहे तोच जिंकला असता.

मग मुदतीला दात उरले कुठे, असे विचारले जाते. उरले आहेत, फक्त ते निवाड्याला न लागता उशीर करणाऱ्याला लागतात. मुदतवाढ आपोआप मिळत नाही, पुरेसे कारण दाखवावे लागते. उशीर लवादामुळे झाला असेल तर कोर्ट त्याचे मानधन महिन्यामागे पाच टक्क्यांपर्यंत कापू शकते, लवाद बदलू शकते, पक्षावर खर्च लादू शकते. पंचांना जमवण्याचा अधिकार कोणाकडे नाही ही एल्फिन्स्टनच्या काळातली अडचण या तरतुदीने निदान कागदावर तरी सोडवली आहे. मात्र एक गोष्ट सुटलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बारा महिने कैफियती पूर्ण झाल्यापासून मोजायचे ठरवले आणि आंतरराष्ट्रीय लवादाला या सक्तीतून बाहेर काढले. देशातल्या लवादात मात्र दोन्ही पक्ष राजी असले तरी सहा महिन्यांपुढची प्रत्येक वाढ कोर्टातूनच घ्यावी लागते. मुंबई, नागपूर, पुण्याच्या व्यापाऱ्याला दुसऱ्या पक्षाशी एकमत असूनही केवळ तारखेसाठी अर्ज करून वाट पाहावी लागते, हे १९४० च्या कायद्याचे दुखणे आणखी वाढवून परत आणणे आहे. संसदेने पुढच्या दुरुस्तीत दोन गोष्टी कराव्यात. दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीने मुदत कितीही वाढवता यावी, कोर्टाची गरज केवळ असहमतीच्या वेळी राहावी. आणि लवादाचा अधिकार संपुष्टात येतो हे शब्द काढून त्या जागी तो मुदतवाढ मिळेपर्यंत स्थगित राहतो असे लिहावे.