फिरता पूल आणि वाटेचा हक्क

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत चित्र-पोस्टकार्डांचे मोठे वेड होते. मिसिसिपी नदीवरील रॉक आयलंडच्या पुलाचीही अशी कार्डे निघाली. राल्फ मोजेस्की या अभियंत्याचा हा पोलादी पूल 1896 साली बांधून झाला आणि आजही वापरात आहे. वरच्या मजल्यावरून आगगाडी जाते, खालच्या मजल्यावरून रस्ता. त्याचा एक गाळा मधल्या खांबाभोवती आडवा फिरतो आणि बोटींना वाट करून देतो. म्हणून हा ‘फिरता पूल’. दोरांवर टांगलेला झुलता पूल वेगळा.

एवढा अवजड गाळा फिरतो कसा? वर्गात करून पाहा. उपड्या वाटीवर फूटपट्टी मधोमध तोलून ठेवा आणि दोन्ही टोकांवर सारखी नाणी ठेवा. बोटाच्या हलक्या स्पर्शाने पट्टी फिरेल. वजन उचलायचे नसतेच. घर्षण, जडत्व आणि वारा यांच्यावर मात केली की पुरे. आता एका बाजूचे नाणे काढा. पट्टी कलंडेल. टोकांखाली पुस्तकांचा आधार दिला, तर मात्र नाणे कुठेही ठेवले तरी ती जागची हलत नाही. म्हणूनच गाडी येण्यापूर्वी गाळा मिटवून त्याची टोके शेजारच्या खांबांवर पक्की टेकवावी लागतात.

पण या सोयीची एक किंमत आहे. तोल सांभाळणारा खांब नेमका बोटींच्या वाटेतच उभा राहतो. याच खांबांवरून येथे मोठे भांडण झाले.

मिसिसिपीवरचा पहिला रेल्वेपूल येथेच, आजच्या पुलापासून जवळच, 1856 च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. त्यालाही फिरता गाळा होता. दोनच आठवड्यांनी, 6 मे रोजी, ‘एफी ॲफ्टन’ ही आगबोट फिरत्या गाळ्याजवळच्या खांबावर आदळली. आग लागून बोट जळाली, पुलाचा एक गाळाही जळाला. बोटमालकांनी पुलाच्या कंपनीवर दावा लावला. खांबांमुळे प्रवाह वाकडा होतो, पूल हा नदीतला अडथळाच आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

1857 च्या सप्टेंबरात शिकागोत खटला चालला. पुलाच्या बाजूच्या वकिलांत अब्राहम लिंकन होते. त्यांनी प्रवाहात तरंगते ठोकळे सोडून केलेल्या मोजणीची चर्चा केली आणि बोटीचे एक चाक बंद पडले होते, असा मुद्दा मांडला. दुरुस्तीनंतरच्या अकरा महिन्यांत पुलावरून 12,586 मालडबे आणि 74,179 प्रवासी गेले, हा हिशेबही दिला. नदीतून उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना जेवढा हक्क, तेवढाच ती पूर्व-पश्चिम ओलांडणाऱ्यांना, हे त्यांच्या म्हणण्याचे सार. ज्युरींचे एकमत झाले नाही. पूल काढून टाकावा यासाठी केलेला दुसरा दावा पुढे सर्वोच्च न्यायालयाने 1862 च्या सत्रात फेटाळला आणि पूल राहिला.

तरफेचा नियम शिकवताना हा इतिहासही सांगावा. आधाराचा बिंदू कुठे घ्यायचा हे गणिताने ठरते. पण तो बिंदू कुणाच्या वाटेत येतो, हा प्रश्न गणिताने मिटत नाही. तिथे मोजमाप आणि न्याय दोन्ही लागतात. चित्रात फिरता गाळा मिटलेला दिसतो तेव्हा गाडी पुढे जात असते, आणि बोट थांबलेली असते.