बॅटरी रात्रीतून का उतरते?

१९९७ च्या पावसाळ्यात आमच्या गटाची जुनी डिझेल जीप दर गुरुवारी सकाळी रुसून बसू लागली. सोमवारी ती प्रयोगपेट्या घेऊन एका शाळेत जायची आणि मग दोन दिवस शेडमध्ये उभी राहायची. गुरुवारी सेल्फ मारला की नुसता 'टक्' असा आवाज. जवळच्या एका गॅरेजवाल्याने निदान केले, ''प्लेटा गेल्या.'' वर्षभराच्या प्रयोगसाहित्यासाठी ठेवलेल्या पैशांतून नवी बॅटरी घेतली. तिसऱ्या आठवड्यात तीही बसली. त्या दिवशी एका शाळेतली मुले आमची वाट पाहून घरी गेली, ही गोष्ट पैशांपेक्षा जास्त लागली.

नवी बॅटरी रात्रीतून का उतरते? हा प्रश्न आमच्या जीपपेक्षा पुष्कळच जुना आहे. किंबहुना, मोटारी जन्मण्याआधीच तो विचारला गेला होता.

गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे घेतले, त्यांच्यामध्ये दुसऱ्या पदार्थाचा थर ठेवून त्यांची गुंडाळी केली आणि ती पातळ गंधकाम्लात बुडवली. बाहेरून प्रवाह सोडला, की एका पत्र्यावर शिशाच्या पेरॉक्साइडचा तपकिरी थर येई. मग हीच गुंडाळी उलट प्रवाह देई. पुन्हा भरता येणारी ही पहिली उपयोगी बॅटरी. मात्र पत्रे 'मुरवण्या'साठी त्या पुन्हापुन्हा भराव्या आणि रिकाम्या कराव्या लागत, आणि त्यात महिने जात. डायनामो अजून बाजारात आलेला नव्हता, तेव्हा बॅटरी भरायची तर दुसऱ्या बॅटरीनेच!

१८८१ मध्ये कामीय फोर याने ही वाट जवळची केली. त्याने पत्र्यांवर शिशाच्या लाल ऑक्साइडचा लेप दिला. लाल ऑक्साइड म्हणजे आपला शेंदूरच. त्याच वर्षी असे चार भरलेले घट पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसन यांच्याकडे पाठवले गेले. हेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन. बहात्तर तासांच्या प्रवासानंतरही पेटीत दहा लाख फूट-पौंड इतकी ऊर्जा शिल्लक होती. आजच्या मापात ती सुमारे ३७७ वॅट-तास भरते. ४५ अँपिअर-तासांच्या साध्या मोटारीच्या बॅटरीत ५४० वॅट-तास मावतात. म्हणजे पहिल्याच फेरीत मजल बरीच मारली होती. वीज डब्यात भरून गावोगाव नेता येणार, या कल्पनेने तेव्हाची वर्तमानपत्रे भारून गेली.

डब्याला गळती आहे का, हे पाहण्याचे काम मात्र जॉन ग्लॅडस्टन आणि आल्फ्रेड ट्राइब या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी केले. १८८२ साली त्यांनी दाखवले, की पेरॉक्साइडचा थर आणि त्याच्या पाठीशी असलेले शिसे यांचाच आम्लात एक छोटा घट बनतो, बाहेर तार जोडलेली नसतानाही तो चालत राहतो आणि पेरॉक्साइडचे लेड सल्फेट होते. बॅटरी स्वतःलाच खात असते, असे म्हणा ना! त्यांचे दुसरे म्हणणे अधिक गाजले. प्रवाह घेताना दोन्ही पत्र्यांवर लेड सल्फेटच बनते. गंधकाम्ल त्यात खर्ची पडते आणि पाणी तयार होते, म्हणजे द्राव हलका होतो. गॅरेजमधल्या पिचकारीसारख्या हायड्रोमीटरचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीत द्रावाचे विशिष्ट गुरुत्व १.२६ ते १.२८ असते, उतरलेल्या बॅटरीत ते १.१२ च्या आसपास येते.

मोटारीला बॅटरीची खरी गरज लावली चार्ल्स केटरिंग यांनी. त्याआधी हँडल मारून इंजिन सुरू करावे लागे आणि उलटा झटका बसला तर मनगट मोडे. केटरिंग यांनी पूर्वी कॅश रजिस्टरसाठी विजेची मोटर बनवली होती. क्षणभरच चालायचे असेल तर छोट्या मोटरकडून मोठे काम घेता येते, हे त्यांना तिथे उमगले होते. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचा सेल्फ स्टार्टर आला. इंजिन चालू असताना बॅटरी भरायची, बंद असताना ती राखायची, अशी साखळी तयार झाली. आणि साखळी म्हटली की कच्ची कडी आलीच.

डायनामोच्या काळात ही कडी म्हणजे कट-आउट. इंजिन बंद पडले, की डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा कमी होतो आणि प्रवाह उलटा वाहू लागतो. कट-आउट ही वाट तोडत असे. तो चिकटला की बॅटरी रिकामी. १९६० नंतर ऑल्टरनेटर आले आणि हे काम डायोडकडे गेले. डायोडमधून प्रवाह एकाच दिशेने जातो, निदान जायला हवा.

आता पुन्हा जीपकडे. आम्ही हायड्रोमीटर आणला. सहाही घटांत वाचन सारखेच, १.१५ च्या आसपास. एखादाच घट मागे पडला असता तर दोष बॅटरीचा ठरला असता. इथे सगळे समान रिकामे, म्हणजे बॅटरी आजारी नव्हती, उपाशी होती. (सीलबंद बॅटरीत पिचकारी जात नाही, तिथे काही तास विसावलेल्या बॅटरीचा व्होल्टमीटरवर दाब पाहावा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी.) बॅटरी बाहेर भरून आणली, इंजिन सुरू केले, दाब १३.९ व्होल्ट. म्हणजे भरणेही ठीक. ग्लॅडस्टन-ट्राइब यांच्या गळतीला दोष द्यावा, तर तिचा हिशोब आठवड्या-महिन्यांचा, दोन दिवसांचा नव्हे. म्हणजे कोणीतरी बाहेरून पीत होते.

किल्ली काढली, बॅटरीची ऋण तार सोडवली आणि तार व टोक यांच्यामध्ये पाच वॅटचा बल्ब जोडला. बल्ब पेटला! एकेक फ्यूज काढत गेलो. ज्या फ्यूजने बल्ब विझेल, त्या मंडळात चोर. सगळे फ्यूज निघाले, बल्ब तसाच. इथे आमची मती गुंग झाली. बल्बाच्या जागी अँमीटर लावला, तर पाऊण अँपिअर. (या अवस्थेत सेल्फ मारू नये; शेकडो अँपिअर वाहून मीटर जळेल.) सोमवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ हे साठ तास, साठ गुणिले पाऊण, पंचेचाळीस अँपिअर-तास. बॅटरी होती पंचाहत्तरची. हिशोब जुळला, पण चोर सापडेना.

तो सापडला हाताला. ऋण तार पुन्हा जोडून जीप रात्रभर तशीच उभी ठेवली. पहाटे, इंजिन थंडगार असताना, आमच्यातल्या एकीने सहज ऑल्टरनेटरवर हात ठेवला. तो कोमट होता. ऑल्टरनेटरची जाड तार फ्यूजच्या पेटीतून जातच नव्हती, थेट बॅटरीकडे येत होती. ती तार सोडवताच अँमीटर शून्यावर आला. आतला एक डायोड नको त्या दिशेनेही प्रवाह सोडत होता. कट-आउट चिकटण्याचा तोच जुना रोग, नव्या अंगात.

डायोडचा संच बदलला. दुरुस्तीचा खर्च बॅटरीच्या किमतीपुढे किरकोळ होता. दुसरी बॅटरी सावकाश भरून घेतली, पण पुन्हापुन्हा खोलवर उतरल्याने तिच्या पत्र्यांवर कठीण सल्फेट धरले असावे. तिने पूर्वीचा जोर काही दाखवला नाही. आणि पहिली, जिच्या 'प्लेटा गेल्या' होत्या, ती आम्ही तेव्हाच मोडीत दिली होती. तिच्या घटांत हायड्रोमीटर बुडवून पाहायचे राहून गेले.