विद्यार्थ्यांचा वजनकाटा

१८६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात डॉ. एडवर्ड हिचकॉक यांची आरोग्यशास्त्र व शारीरिक शिक्षण या विषयांचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली, तेव्हा विद्यार्थी लठ्ठ होतील अशी धास्ती तेथील चालकांच्या मनात मुळीच नव्हती; वसंत ऋतू उजाडला की अभ्यासाने खंगलेल्या मुलांच्या प्रकृती ढासळतात, ही अध्यक्ष विल्यम स्टर्न्स यांची खरी तक्रार होती. हिचकॉक यांनी विद्यार्थ्याची उंची, वजन, छातीचा व दंडाचा घेर यांची रीतसर नोंद ठेवण्याचा शिरस्ता पाडला आणि आठवड्यातून चार दिवस, पियानोच्या तालावर, लाकडी डंबेल्सची कवायत सर्वांस सक्तीची केली. हे दप्तर त्यांनी १९११ पर्यंत, म्हणजे तब्बल अर्धशतक सांभाळले, आणि त्यातला वजनाचा आकडा वाढला तर ती आनंदवार्ता समजली जाई.

आपल्याकडेही १८७०च्या दशकाच्या प्रारंभी डेक्कन कॉलेजात दाखल झालेल्या बळवंतराव टिळकांनी पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा तालमीला व पोहण्यालाच अधिक दिले आणि त्यापायी परीक्षेचे वर्ष गमावले. अशक्त देहाची खंत व भरलेल्या अंगाची हौस पुण्यात काय, अ‍ॅमहर्स्टमध्ये काय, सारखीच होती.

मुलींच्या बाबतीत तर वजनाच्या या आकड्याला वादातल्या साक्षीपुराव्याचे मोल आले. १८७३ साली बॉस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी, उच्च शिक्षणाच्या श्रमाने स्त्रीदेहाची हानी होते, असा निर्वाळा एका ग्रंथात दिला होता. आणि म्हणूनच १८७५ मध्ये सुरू झालेल्या स्मिथ कॉलेजासारख्या संस्थांतील विद्यार्थिनी आपले वजन किती रत्तलांनी वाढले हे घरच्या पत्रांतून अभिमानाने कळवीत, यात नवल नाही. वाढलेला प्रत्येक रत्तल हा डॉक्टरसाहेबांस परस्पर दिलेला जबाबच होता! परंतु पुढे फॅशन पालटली, सडपातळ बांधा प्रतिष्ठित झाला, आणि १९२४ साली त्याच स्मिथ कॉलेजच्या विद्यार्थी-साप्ताहिकात, मुली उपाशी राहून कृश होण्याचे जे वेड घेत आहेत त्याविरुद्ध इशारा देणारे पत्र छापण्याची वेळ आली. क्लार्कसाहेबांच्या ग्रंथाला तेव्हा अवघी एक्कावन्न वर्षे झाली होती.

त्यानंतरचा इतिहास मला अधिक विसंगत वाटतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील बहुतेक कॉलेजांत असलेली व्यायामाची सक्ती उत्तरार्धात हळूहळू शिथिल होत गेली. खाणावळींतून मात्र हवे तितके वाढून घेण्याची मुभा आली, रात्रीची जागरणे व मद्यपान होतेच. अशा रीतीने हिचकॉक यांची कवायत मोडीत निघाल्यावर वजनाची भीती तेवढी जोमाने वाढली, आणि पहिल्या वर्षी पंधरा रत्तल, म्हणजे जवळजवळ पावणेसात किलो, वजन हमखास वाढते ही समजूत १९८९च्या सुमारास तरुणींच्या नियतकालिकांतून सर्वतोमुखी झाली. त्या पंधराच्या आकड्यास आधार कोणता, हे विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीत पहिल्या वर्षातील सरासरी वाढ मुलींत सुमारे अडीच व मुलांत साडेतीन रत्तल आढळली, आणि कॉलेजची पायरीही न चढलेल्या त्याच वयाच्या तरुणांचे वजन त्याहून जेमतेम अर्धा रत्तल कमी वाढले होते.